कट्टकन् आवाज आला म्हणजे मणका बसला का? : कायरोप्रॅक्टिकबद्दल तुमचे प्रश्न

मागच्या अंकात कंबरदुखीवर लिहिलं आणि मेलचा पाऊस पडला, पण निम्मे मेल कंबरेबद्दल नव्हतेच, कायरोप्रॅक्टिकबद्दल, म्हणजे हाताने झटका देऊन मणके आणि सांधे मोकळे करण्याच्या उपचाराबद्दल होते. कारण सगळ्यांच्या फोनवर तीच रील्स येतायत, माणूस टेबलावर पडलाय, कोणीतरी मान धरून झटका देतंय, कट्टकन् आवाज, आणि पेशंट एकतर हसतोय नाहीतर रडतोय. म्हणून हा अंक त्यावरच. आधीच सांगते, मी फिजिओथेरपिस्ट आहे, म्हणजे कायरोप्रॅक्टर आणि आम्ही एकाच गिऱ्हाइकावर डोळा ठेवून असलेली माणसं, तेव्हा माझं मत वाचताना तेवढं लक्षात असू द्या.

मी ३४ वर्षांचा, हिंजवडीत आयटीमध्ये आहे. कायरोप्रॅक्टर म्हणजे नक्की कोण? डॉक्टर, फिजिओ की आपला हाडवैद्य? बोर्डावर डॉ. लिहिलेलं असतं म्हणून विचारतोय.

कोण आहे ते तुम्ही कुठल्या देशात बसून विचारताय त्यावर आहे. हे प्रकरण सुरू झालं अमेरिकेत, आयोवा राज्यातल्या डेव्हनपोर्टला, १८९५ साली. डी. डी. पामर म्हणून एक गृहस्थ होते, त्याआधी ते चुंबकीय उपचार करायचे. त्याच इमारतीत साफसफाईचं काम करणाऱ्या हार्वी लिलार्डला नीट ऐकू यायचं नाही, पामरांनी त्याच्या पाठीचा मणका दाबला आणि त्याला ऐकू यायला लागलं असा त्यांचा दावा. आता ऐकण्याची नस पाठीच्या मणक्यांतून जातच नाही, ती कानातून सरळ मेंदूकडे जाते, पण पामरांनी त्यावरून सिद्धांतच मांडला की बहुतेक सगळे आजार मणके जागचे हलल्यामुळे होतात, आणि दोन वर्षांत कॉलेजही काढलं. पुढे तिकडच्या डॉक्टरांच्या संघटनेने कायरोप्रॅक्टरांवर बहिष्कार टाकला, हे लोक कोर्टात गेले आणि १९८७ मध्ये निकाल यांच्या बाजूने लागला. आज अमेरिकेत कॉलेजनंतर साधारण चार वर्षांचं शिक्षण आणि राज्याचं लायसन्स लागतं, ब्रिटनमध्ये १९९४ पासून वेगळा कायदा आहे.

आपल्याकडे मात्र एमबीबीएसवाल्यांना कौन्सिल, डेंटिस्टना कौन्सिल, आम्हाला कौन्सिल, तसं कायरोप्रॅक्टिकसाठी वेगळं वैधानिक कौन्सिल नाही. त्यामुळे बोर्डामागे परदेशात पूर्ण शिकून आलेला माणूस असू शकतो, मॅनिप्युलेशनचं, म्हणजे सांध्याला असा झटका देण्याचं, जास्तीचं ट्रेनिंग घेतलेला फिजिओ असू शकतो, आणि वीकेंडचा कोर्स करून आलेला जिम ट्रेनरही असू शकतो, बोर्ड तिघांचा सारखाच. म्हणून सरळ विचारायचं, तुमचं मूळ शिक्षण काय, नोंदणी कुठे, नंबर काय. महाराष्ट्रातल्या फिजिओची नोंदणी राज्याच्या ओटीपीटी (ऑक्युपेशनल थेरपी आणि फिजिओथेरपी) कौन्सिलकडे असते. विचारल्यावर समोरचा चिडला तर तेच उत्तर समजा आणि उठा.

तो कट्कट् आवाज कसला असतो? हाड मोडत नाही ना? आणि आवाज आला नाही तर पैसे वाया का? (कॉलेज स्टुडंट, कोल्हापूर)

हाड नाही मोडत. सांध्यात वंगणासारखं पाणी असतं, त्यात गॅस विरघळलेला असतो, सांधा झटक्यात थोडा फाकला की आतला दाब एकदम कमी होतो आणि गॅसची पोकळी तयार होते, त्याचा तो आवाज. २०१५ मध्ये कॅनडातल्या संशोधकांनी बोट मोडतानाच एमआरआयमध्ये शूटिंग करून ही पोकळी होताना दाखवली. एकदा वाजला की तोच सांधा साधारण वीस मिनिटं पुन्हा वाजत नाही, करून बघा. आणि बोटं मोडल्याने संधिवात होतो असं आई ओरडत असेल तर तिला अमेरिकेतल्या डोनाल्ड उंगर या डॉक्टरांबद्दल सांगा, त्यांनी साठ वर्षं फक्त डाव्या हाताची बोटं मोडली, उजव्याची नाही, शेवटी दोन्ही हात सारखेच, आणि या उद्योगाबद्दल २००९ मध्ये त्यांना इग नोबेल हे गमतीचं बक्षीस मिळालं. एका माणसावरचा प्रयोग आहे, पण चिकाटी बघा!

आवाजाचा आणि आराम पडण्याचा मात्र संबंध नाही. आवाज न येता आराम पडतो, आवाज येऊन काहीच होत नाही. सरकलेला मणका आवाजासकट जागेवर बसला हेही खरं नाही, मणका असा इकडेतिकडे सरकत असता तर तुम्ही चालत क्लिनिकपर्यंत पोचलाच नसता. झटक्यानंतर मोकळं वाटतं त्याचं कारण बहुधा नसा आणि स्नायूंच्या प्रतिक्रियेत आहे, थोडा वेळ स्नायू सैल पडतात, दुखणं कमी जाणवतं. रील्समध्ये तो आवाज एवढा खणखणीत येतो कारण बरेच जण पेशंटच्या मानेपाशी माइक लावतात.

आमच्या आजी म्हणतात उसण भरली की पायाळू माणसाचा पाय लावून घे, उतरते. यात आणि कायरोप्रॅक्टिकमध्ये फरक काय, दोन्हीने बरं वाटतंच की! (सांगली)

प्रश्न थट्टेत विचारलाय पण या ढिगातला सगळ्यात चांगला प्रश्न हाच आहे. उसण, चमक, लचक काहीही म्हणा, साधी कंबरदुखी बहुतेकांची काही दिवसांत ते काही आठवड्यांत आपोआप उतरते. आपण उपाय करतो कधी, तर दुखणं अगदी टिपेला पोचलेलं असतं तेव्हा. म्हणजे त्यानंतर ते कमीच होणार असतं, मग श्रेय पायाळूला, मलमाला, मला किंवा कायरोप्रॅक्टरला, जो त्या दिवशी सापडेल त्याला.

मग फरक कसा कळणार? काही पेशंटना मॅनिप्युलेशन द्यायचं, काहींना दुसरं काहीतरी, आणि दोन्ही गट शेजारी ठेवून बघायचे. पायाळूवर असं कोणी केलेलं माझ्या वाचनात नाही, कायरोप्रॅक्टिकवर खूप झालंय. जुनाट कंबरदुखीवरच्या ४७ चाचण्या एकत्र करून २०१९ मध्ये आढावा आला, त्यात निघालं की मॅनिप्युलेशनचा फायदा व्यायामासारख्या बाकीच्या मान्य उपचारांइतकाच आहे, जास्त नाही, कमीही नाही. नव्या दुखण्यात थोडासा फायदा दिसतो. अमेरिकेतल्या फिजिशियन डॉक्टरांच्या २०१७ च्या गाइडलाइनमध्ये नव्या कंबरदुखीला गोळ्यांआधी शेक, मसाज, अ‍ॅक्युपंक्चर, मॅनिप्युलेशन यातलं काहीतरी करून बघा असं आहे, ब्रिटनची गाइडलाइन म्हणते करा पण व्यायामाच्या जोडीनेच. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२३ च्या शिफारशींतही जुनाट कंबरदुखीसाठी हा एक पर्याय आहे.

तेव्हा थोतांड नाही आणि जादूही नाही. कंबरदुखीवरचा एक मध्यम उपाय, ज्याला आवडतो त्याने करावा. फक्त करणाऱ्याने हात लावायच्या आधी तुम्हाला काय काय विचारलं, माझं सगळं लक्ष तिकडे असतं.

पहिल्यांदा जाणार आहे, भीती वाटतेय. तिथे नेमकं काय करतात? कपडे काढावे लागतात का? एक्स-रे काढून नेऊ का? (गृहिणी, ४६, नाशिक)

भीती वाटणं बरोबर आहे ताई, अनोळखी माणसाच्या हातात मान द्यायचीय. चांगल्या ठिकाणी पहिला अर्धा वेळ बोलण्यातच जातो. दुखणं कधीपासून, रात्री झोपमोड होते का, ताप येतो का, वजन उतरलंय का, पूर्वी कॅन्सर, टीबी, फ्रॅक्चर, मार लागणं, स्टेरॉइडच्या गोळ्या, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, पाळी गेली का, लघवी-संडासवर ताबा आहे ना. शेवटचा प्रश्न ऐकून बायका लाजतात आणि घाईघाईने सगळं ठीक म्हणून टाकतात, तसं करू नका प्लीज. मग तपासणी, हातोडीने गुडघ्यावर आणि टाचेवर ठोकून बघतील, उताणं झोपवून पाय सरळ वर उचलतील, टाचांवर चालायला लावतील, चवड्यांवर चालायला लावतील, पायाचा अंगठा वर ओढायला सांगतील. हे सगळं न करता आल्या आल्या पालथं झोपा म्हणणारा माणूस मला नको, तुम्हालाही नको.

एक्स-रे सरसकट लागत नाही. पडलात, वय जास्त, ताप, वजन उतरणं असं काही असेल तर लागतो, एरवी प्रत्येक नव्या पेशंटचा अख्ख्या पाठीचा एक्स-रे काढणारे असतील तर का ते विचारा.

कपडे काढावे लागत नाहीत. ट्रॅक पँट आणि टीशर्ट किंवा सलवार कुर्ता घालून जा, साडीत अवघड होतं कारण कुशीवर झोपवून वरचा पाय गुडघ्यात वाकवतात, खांदा एकीकडे कंबर दुसरीकडे अशी पिळून छोटा जलद झटका देतात. बरोबर नवऱ्याला, बहिणीला, मैत्रिणीला आत बसवायचा तुम्हाला हक्क आहे, विचारत बसू नका, सरळ आत न्या. झटका नको असेल तर नको म्हणायचं, हळू हाताच्या पद्धती असतात, स्प्रिंगचं छोटं यंत्र असतं, काही टेबलांचा भाग खाली पडतो त्यामुळे कमी जोर लागतो. आणि एक ट्रिक ओळखून ठेवा, झोपवून दाखवतात बघा तुमचा एक पाय आखूड आहे, मग झटका देऊन दाखवतात आता सारखे झाले. अहो, थोडा फरक बहुतेक सगळ्यांच्या पायांत असतो, आणि बूट जरा वेगळ्या कोनात धरला की पाय तिथल्या तिथे लांब आखूड होतो.

एसटीत ड्रायव्हर आहे, वय ५२. एमआरआयमध्ये डिस्क बल्ज आलंय, डॉक्टर म्हणाले मणक्यात गॅप आहे. डाव्या पायात मुंग्या येतात. कायरोप्रॅक्टर गॅप भरून काढतो म्हणे, खरं का? (सातारा)

दादा, गॅप भरून निघत नाही आणि मुळात तिथे गॅप वाढलेली नसतेच, उलट दोन मणक्यांमधली चकती वयाने चपटी होते आणि जागा कमी होते. बल्ज हा शब्द वाचून लोक वाकायचंच बंद करतात. काहीही दुखत नसलेल्या लोकांचे स्कॅन तपासलेला २०१५ चा एक मोठा आढावा आहे, त्यात वीस वर्षांच्या, ठणठणीत असलेल्यांपैकी ३० टक्क्यांच्या चकतीत बल्ज होता, ऐंशीच्या लोकांत ८४ टक्के. म्हणजे बावन्नाव्या वर्षी, तेही गाडीच्या सीटवर आयुष्य काढून, बल्ज नसता तरच नवल. रिपोर्टपेक्षा तुमचा पाय काय सांगतो ते महत्त्वाचं.

मुंग्या आहेत पण ताकद आहे, टाचांवर चालता येतंय, तर घाबरण्यासारखं नाही, चकतीमुळे झालेली सायटिकासुद्धा बऱ्याच जणांची काही महिन्यांत बिनऑपरेशनची कमी होते, बाहेर आलेली चकती पुष्कळदा आपोआप आक्रसते. पण झटक्याच्या आधी फिजिओ किंवा ऑर्थोपेडिककडून नसांची तपासणी करून घ्याच. आणि पाऊल लटकं पडायला लागलं, चप्पल पायातून निसटतेय पण कळत नाही, दोन्ही पायांत कळा जातायत, किंवा बसायच्या जागेला बधिरपणा, लघवी तुंबणं नाहीतर नकळत होणं यातलं काहीही झालं तर कायरोप्रॅक्टर नाही, फिजिओ नाही, त्याच दिवशी हॉस्पिटल, कारण नसांचा गुच्छ दाबला गेला असेल तर तासांचा हिशेब असतो, उशिराने ऑपरेशन करून लघवीचा ताबा परत येईलच असं नाही.

आता एक गोष्ट जी अमेरिकेच्या रील्समध्ये कोणी सांगत नाही कारण तिकडे ती फारशी नसते. मणक्याचा टीबी. जगातल्या टीबीच्या पेशंटपैकी साधारण चौथा हिस्सा भारतात आहे, आणि हाडांचा टीबी झाला तर जवळपास निम्म्या वेळा तो मणक्यातच असतो. खोकला असेलच असं नाही. आठवडेच्या आठवडे पाठ दुखतेय, आराम करूनही दुखतेय, संध्याकाळी बारीक ताप, भूक नाही, वजन उतरतंय, एवढंच. आतून मणका पोखरलेला असतो आणि त्यावर कोणी झटका दिला तर मणका खचून पाय जाऊ शकतात. म्हणून मी प्रत्येक पेशंटला तापाबद्दल आणि वजनाबद्दल विचारते, ते कंटाळतात, मग आणखी एकदा विचारते.

मला स्पॉन्डिलायटिस आहे, मान आखडते, कधी कधी चक्कर येते. मान मोडून घेतली तर चालेल का? सलूनमध्ये तर नेहमीच मोडतात. (ठाणे, ५१)

चक्कर येत असताना मान कोणालाही मोडू देऊ नका, सलूनवाल्याला तर चक्कर येत नसतानाही देऊ नका. मानेच्या मणक्यांच्या भोकांमधून दोन रक्तवाहिन्या वर मेंदूकडे जातात, मान झटक्यात वळली तर क्वचित त्यांच्या आतल्या अस्तराला चीर पडते, गुठळी होते आणि स्ट्रोक येतो. क्वचित म्हणजे खरंच फार क्वचित, आणि संशोधकांत वादही आहे, कारण चीर आधीच पडलेली असते म्हणून मान दुखते आणि म्हणून माणूस कायरोप्रॅक्टरकडे जातो, असंही होतं. पण पेशंटच्या दृष्टीने दोन्हींचा अर्थ एकच, अचानक सुरू झालेल्या, आयुष्यात कधी नव्हत्या अशा मानदुखीला नाहीतर डोकेदुखीला झटका द्यायचा नाही.

माझं वैयक्तिक मत विचाराल तर मानेला जोरदार झटका मी टाळते. मानेच्या साध्या दुखण्याला हळू हाताने सांधे मोकळे करणं, व्यायाम, उशी, फोन धरायची पद्धत यानेही भागतं, मग तो धोका, कितीही छोटा असला तरी, कशाला घ्यायचा? कंबरेचं गणित वेगळं, तिथे मेंदूची रक्तवाहिनी नाही.

२४ सिटिंगचं पॅकेज सांगितलंय, सगळे पैसे आधी भरले तर डिस्काउंट. म्हणतात मानेचा बाक गेलाय, आत्ता केलं नाही तर पुढे व्हीलचेअर. घेऊ का? (पुणे)

नका घेऊ. व्हीलचेअरची भीती घालून पॅकेज विकणाऱ्याकडून फुकट मिळालं तरी नका घेऊ. मान सरळ दिसणं दुखणं नसलेल्या कितीतरी लोकांच्या एक्स-रेमध्ये असतं, एक्स-रे काढताना हनुवटी जरा खाली घेतली तरी बाक कमी दिसतो. एकेका सिटिंगचे पैसे द्या, चार-सहा सिटिंगमध्ये, म्हणजे दोन-तीन आठवड्यांत, झोप, बसणं, चालणं यात काही फरक पडला का ते बघा, नाही पडला तर थांबा. पंचविसाव्या सिटिंगला चमत्कार होत नाही.

एडिसन, न्यू जर्सीहून लिहितेय. बाळ अडीच महिन्यांचं आहे, रात्र रात्र रडतं. मैत्रीण म्हणते इथे बाळांचे कायरोप्रॅक्टर असतात, कॉलिक थांबतं. सासूबाईही आल्यात, त्यांची हाडं ठिसूळ आहेत, त्यांनाही पाठीसाठी दाखवू का?

बाळाला नाही. पोटात दुखून रडणं साधारण सहाव्या आठवड्याला टिपेला असतं आणि तीन-चार महिन्यांत बहुतेक बाळांचं आपोआप थांबतं, म्हणजे तुमचा बोगदा संपत आलाय. मणक्याच्या झटक्याने कॉलिक बरं होतं याला भरवशाचा पुरावा नाही. ऑस्ट्रेलियात एका बाळाचा असाच व्हिडिओ पसरल्यावर २०१९ मध्ये दोन वर्षांखालच्या मुलांच्या मणक्याला झटके देणं थांबवा असं तिथल्या कायरोप्रॅक्टिक बोर्डालाच सांगावं लागलं. ब्रिटनमध्ये सायमन सिंग या विज्ञान लेखकाने २००८ मध्ये कॉलिकच्या दाव्यांना खोटं म्हटलं तर कायरोप्रॅक्टरांच्या संघटनेने अब्रुनुकसानीचा दावा लावला, दोन वर्षांनी तो मागे घेतला. बाळाला ताप असेल, दूध ओढत नसेल, हिरवी उलटी होत असेल तर मात्र तडक पीडियाट्रिशियन. सासूबाईंना तेलाने मालिश करू द्या की, त्यांनाही बरं वाटेल, फक्त हातपाय ओढणं आणि मान वळवणं नको.

सासूबाईंच्या ठिसूळ हाडांना झटका चालत नाही, मणका दबून फ्रॅक्चर होऊ शकतो. अचानक पाठ दुखायला लागली असेल, उंची कमी झालीय असं वाटत असेल तर असं फ्रॅक्चर आधीच झालेलं असू शकतं, ते डॉक्टरांकडून बघून घ्या. आणि त्यांचा ट्रॅव्हल इन्शुरन्स जुन्या दुखण्याला पैसे देतो का तेही पॉलिसीत वाचा, बरेच देत नाहीत.

बीपी, डायबिटीस, दमा, मूल न होणं यावर उपयोग होतो का? (चार वेगवेगळी पत्रं)

नाही. मणका हलला म्हणून आजार होतो ही पामरांची कल्पना ऐतिहासिक आहे, तिला संशोधनाचा आधार नाही असं ब्रिटनच्या कायरोप्रॅक्टिक कौन्सिलनेच २०१० मध्ये म्हटलंय. गोळ्या बंद करा म्हणाले तर पळा.

काल करून आले, रात्री बरं वाटलं पण आज अंग ठेचल्यासारखं दुखतंय. काही बिघडलं का? (छत्रपती संभाजीनगर)

बहुधा नाही. जवळपास निम्म्या लोकांना पहिल्या एक-दोन वेळा असं होतं, त्या जागी दुखणं, थकवा, थोडं डोकं जड, एक-दोन दिवसांत जातं. गरम पाण्याने शेका, थोडं थोडं चालत राहा, झोपून राहू नका, लगेच दुसरं सिटिंग घेऊ नका. पण बोलणं जड होणं, एकाचे दोन दिसणं, तोल जाणं, गिळताना त्रास, चेहरा किंवा हातपाय बधिर होणं, किंवा मान-डोकं भयंकर दुखणं, यातलं काही असेल तर हे उत्तर अर्धं सोडा, १०८ ला फोन करा, आणि तिथल्या डॉक्टरांना मान कधी, कशी वळवली होती ते आठवणीने सांगा, लोक नेमकं तेच सांगत नाहीत.